रक्ताला काय विचारावे

मावशीने डॉक्टरांना तो प्रश्न विचारला तेव्हा मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर, मांडीवर फाइल घेऊन बसले होते. स्तनाच्या कर्करोगानंतरची तिची नेहमीची तपासणी आटोपली होती. डॉक्टरांनी दोन्ही काखा चाचपून पाहिल्या होत्या, शस्त्रक्रियेच्या व्रणाभोवतीची त्वचा बोटांनी हलकेच ताणून पाहिली होती आणि मॅमोग्रामचा रिपोर्ट वाचून "छान आहे" असे म्हटले होते. आता फक्त उठायचे बाकी होते. पण मावशी उठली नाही. "डॉक्टर, रक्ताची ती कॅन्सर मार्करची तपासणी लिहून द्या ना," ती म्हणाली. "पुन्हा येणार आहे की नाही, ते एकदा कळू दे." डॉक्टरांनी हातातले पेन खाली ठेवले आणि शांतपणे सांगितले, "ती आपण करत नाही. तुम्हाला कसलाही त्रास नाही, तेव्हा तिची गरज नाही." बाहेर पुढच्या रुग्णाचे नाव पुकारले गेले. आम्ही निघालो. जिन्याशी आल्यावर मावशी थांबली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "त्यांना कळून घ्यायचंच नाही."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. त्यातला आरोप मला पटत नव्हता, कारण या डॉक्टरांचे मावशीकडे किती बारीक लक्ष आहे ते मी केमोच्या दिवसांपासून पाहत आले आहे. पण तो आरोप झटकून टाकणेही जमेना. माझ्या नोकरीची बरीच वर्षे रोगनिदान प्रयोगशाळेत गेली. ज्या तपासणीबद्दल मावशी बोलत होती ती मी असंख्य वेळा लावली आहे, तिचे आकडे छापून पाकिटात घातले आहेत आणि ते पाकीट घ्यायला आलेल्या बायकांचे चेहरे पाहिले आहेत. डॉक्टरांचा नकार शास्त्राला धरून होता हे मला माहीत होते. मावशीची विचारणाही अगदी रास्त होती. दोन्ही बाजू बरोबर असताना जिन्यावरच्या त्या वाक्यात इतका दुरावा कुठून आला, हे मला समजून घ्यायचे होते.

रक्त हाताळणाऱ्या माणसाला त्याची एक सवय जडते. टॉर्निकेट आवळल्यावर बोटाखाली उसळून येणारी शीर, स्पिरिटचा थंड वास, ट्यूबमध्ये उतरणारी गडद धार, आणि मग सेंट्रिफ्यूजची ती वाढत जाणारी आणि हळूहळू विरणारी घरघर. झाकण उघडले की तळाशी लाल पेशी बसलेल्या असतात, त्यांच्यावर पांढऱ्या पेशींची अगदी पातळ साय असते आणि सर्वांत वर गवताच्या काडीच्या रंगाचा स्वच्छ द्रव. माणसाच्या शरीरात जे काही चालले आहे त्याचा काही ना काही अंश या पिवळ्या द्रवात उतरतो, असे तिथे काम करताना सतत जाणवत राहते. तिथूनच पुढचा विचार फार सहज येतो की हा द्रव नीट वाचता आला तर पुढचेही सांगता येईल. स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत गेली कित्येक दशके या एका आशेमागे प्रचंड बुद्धी आणि कष्ट खर्ची पडले आहेत, आणि ती आशा खोटी आहे असे मला मुळीच वाटत नाही.

मावशीच्या मनात होती ती तपासणी म्हणजे सीए १५-३. स्तनातल्या दूधवाहिन्यांच्या पेशींवर एमयूसी-१ नावाचे एक मोठे प्रथिन असते. निरोगी पेशीत ते नलिकेच्या पोकळीकडे तोंड करून असते. पेशी कर्करोगी झाली की ही दिशा सुटते, प्रथिन पेशीच्या सर्व बाजूंना पसरते आणि त्याचे तुकडे रक्तात येऊ लागतात. सीए १५-३ त्या तुकड्यांचे प्रमाण मोजते. बहुतेक प्रयोगशाळा एका मिलिलिटरमागे तीस युनिटच्या आसपास वरची मर्यादा धरतात. अडचण अशी की आजार सुरुवातीच्या टप्प्यात असतो तेव्हा बहुतेक जणींचा आकडा या मर्यादेच्या आतच असतो, आणि दुसरीकडे यकृताच्या साध्या आजारातही तो मर्यादा ओलांडतो. आजार शरीरात इतरत्र पसरलेला असेल तर मात्र हा आकडा उपयोगी पडतो. औषध लागू पडते आहे का, याचा अंदाज घेताना स्कॅन आणि लक्षणे यांच्या जोडीने तो पाहिला जातो. तिथेही नवे औषध सुरू केल्यावर पहिले चार ते सहा आठवडे तो फसवू शकतो, कारण औषधाने पेशी मरू लागल्या की तुकडे अधिक सुटतात आणि आजार कमी होत असतानाच आकडा वर जातो. उपचार पूर्ण झालेल्या आणि कोणतेही लक्षण नसलेल्या स्त्रीमध्ये ही तपासणी नियमित करू नये, असे अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजी ही कर्करोगतज्ज्ञांची संघटना कित्येक वर्षे सांगत आली आहे. मावशीच्या डॉक्टरांनी तेच केले.

प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी मात्र या सूचना पोहोचत नाहीत. तिथे येणारी बाई मागचा रिपोर्ट पर्समधून काढते आणि नव्याच्या शेजारी धरते. मागच्या वेळी बावीस होते, आता सव्वीस आहे. दोन्ही आकडे मर्यादेच्या आतले. त्याच बाईचे रक्त दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतले असते तर इतका फरक सहज पडला असता, आणि वेगळ्या कंपनीच्या किटवर तर नक्कीच पडला असता. पण तिला ते कोण सांगणार? ती ते चार युनिट मनात घेऊन घरी जाते आणि पुढची तपासणी होईपर्यंत त्यांच्यासोबत राहते. रिपोर्ट हातात देताना मी "डॉक्टरांना दाखवा" एवढेच म्हणू शकत असे, कारण प्रयोगशाळेतल्या माणसाने त्यापलीकडे बोलायचे नसते.

लवकर कळले की बरे, या समजाची खरी परीक्षा इटलीत झाली. स्तनाच्या कर्करोगावर उपचार झालेल्या स्त्रियांना दोन गटांत विभागून एका गटाच्या वरचेवर तपासण्या करायच्या आणि दुसऱ्या गटाला फक्त शारीरिक तपासणी व मॅमोग्रामवर ठेवायचे, असे दोन मोठे अभ्यास तिथे झाले आणि १९९४ साली त्यांचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एकात १,३२० स्त्रिया होत्या, दुसऱ्यात १,२४३. पहिल्यात हाडांचे स्कॅन, यकृताची सोनोग्राफी, छातीचे एक्स-रे आणि रक्ततपासण्या असा सगळा जामानिमा होता. दुसऱ्यात छातीचा एक्स-रे आणि हाडांचा स्कॅन दर सहा महिन्यांनी केला गेला, आणि त्यात पसरलेला आजार खरोखरच आधी सापडला. तरीही दोन्ही अभ्यासांत मृत्यूंच्या प्रमाणात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही; पहिल्यात सखोल तपासण्या झालेल्या गटात ते २० टक्के होते आणि साध्या गटात १८ टक्के. आधी सापडलेल्या स्त्रिया अधिक दिवस जगल्या नाहीत, त्यांनी आजाराची जाणीव घेऊन अधिक दिवस काढले.

या एका ओळीपाशी मी वाचताना फार वेळ थांबले.

त्यावरचा आक्षेपही मला मान्य आहे. त्या काळची औषधे तोकडी होती. आज पसरलेल्या आजारावरही अशी औषधे आहेत की ज्यांनी वर्षे मिळतात, आणि तेव्हाच्या यंत्रांना जे दिसत नव्हते ते आजच्या रक्ततपासणीला दिसते. म्हणून १९९४च्या आकड्यांवर कायमचे विसंबून राहणे मला योग्य वाटत नाही. पण त्या अभ्यासांनी विचारलेला प्रश्न मात्र जुना होत नाही: कळल्यानंतर जे केले त्याने काही बदलले का?

रक्तात प्रत्यक्ष कर्करोगाच्या पेशीच सापडतात, हे तर फार आधी दिसले होते. १८६९ साली ऑस्ट्रेलियातल्या टॉमस ॲशवर्थ या डॉक्टरांनी कर्करोगाने मृत्यू पावलेल्या एका माणसाच्या रक्तात, त्याच्या गाठींमध्ये दिसलेल्या पेशींसारख्याच पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि त्याची नोंद केली. त्या पेशी मोजण्याची भरवशाची रीत यायला मात्र पुढे जवळजवळ सव्वाशे वर्षे गेली. अब्जावधी रक्तपेशींमधून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या परक्या पेशी वेचायच्या असतात. चुंबकीय कणांना प्रतिद्रव्ये चिकटवून त्या ओढून घेण्याचे तंत्र आले, आणि २००४ साली मासिमो क्रिस्टोफानिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पसरलेल्या आजाराच्या १७७ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. साडेसात मिलिलिटर रक्तात अशा पाच किंवा अधिक पेशी असल्या तर आजार लवकर बळावतो आणि आयुष्य कमी राहते, असे त्यात स्पष्ट दिसले. पाचपेक्षा कमी पेशी असलेल्यांमध्ये आजार साधारण सात महिने आटोक्यात राहिला, तर पाच किंवा अधिक असलेल्यांमध्ये तीन महिनेही नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या तपासणीला परवानगी दिली. रक्तातून भविष्य वाचणे जमले, असे म्हणण्यासारखाच तो क्षण होता.

त्यापुढचा अभ्यास माझ्या मते या साऱ्या विषयाचा गाभा आहे, आणि त्याबद्दल रुग्णांशी फारच कमी बोलले जाते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एस०५०० नावाच्या या अमेरिकन अभ्यासात ५९५ स्त्रिया होत्या. पसरलेल्या आजारासाठी पहिली केमो सुरू करण्याआधी त्यांच्या रक्तातल्या या कर्करोगाच्या पेशी मोजल्या आणि ज्यांच्यात त्या जास्त होत्या त्यांच्या एकवीस दिवसांनी पुन्हा मोजल्या. सुरुवातीपासूनच पेशी कमी असलेल्या स्त्रियांचे आयुष्य मध्यमान ३५ महिने निघाले, म्हणजे निम्म्या जणी त्याहून अधिक जगल्या. आधी जास्त असून औषधाने कमी झालेल्यांचे २३ महिने. आणि औषधानंतरही जास्तच राहिलेल्यांचे १३ महिने. म्हणजे रक्ताने सांगितले ते तंतोतंत खरे होते. या शेवटच्या गटातल्या १२३ स्त्रियांपैकी काहींचे औषध तत्काळ बदलले गेले आणि काहींचे तेच सुरू ठेवले गेले. बदललेल्यांचे आयुष्य १२.५ महिने, न बदललेल्यांचे १०.७ महिने, हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला होता. भाकीत अचूक होते, पण त्यावरून केलेल्या कृतीने कुणाचे आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले नाही. ज्या गाठी पहिल्या केमोला दाद देत नव्हत्या त्या दुसऱ्या केमोलाही देत नव्हत्या. रक्ताने सांगितली होती ती बहुधा गाठीचीच जात, आणि त्या जातीवर चालेल असे हत्यार तेव्हा डॉक्टरांच्या हातात नव्हते.

आजार कसा वळण घेईल, हा एक प्रश्न आहे. अमुक औषधाने ते वळण बदलेल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देणारी तपासणी दुसऱ्याचे उत्तर देतेच असे नाही, आणि रुग्णाला मात्र नेहमी दुसऱ्याचेच उत्तर हवे असते. आपण पहिला प्रश्न विचारतो कारण तो विचारायला सोपा असतो. पहिल्या प्रकारची उत्तरे देणाऱ्या खुणा तर रक्तात ढिगाने सापडतात. सीबीसी या रक्तपेशींच्या साध्या मोजणीतल्या न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या गुणोत्तराचा आणि स्तनाच्या कर्करोगातल्या आयुर्मानाचा संबंध दाखवणारे निबंध शेकड्यांनी आहेत. पण ते गुणोत्तर साध्या सर्दीतापानेही हलते, आणि एखाद्या बाईचा उपचार त्यावरून ठरवावा इतके ते भक्कम नाही.

आजची सारी उत्सुकता रक्तातल्या डीएनएभोवती आहे. रक्तात पेशींबाहेर मोकळे न्यूक्लिइक आम्ल असते हे मान्देल आणि मेते या फ्रेंच संशोधकांनी १९४८ साली दाखवले होते. आपल्या पेशी मरतात तेव्हा त्यांचे डीएनए साधारण १६६ अक्षरांच्या तुकड्यांत कापले जाऊन प्लाझ्मामध्ये, म्हणजे रक्ताच्या त्या पिवळ्या द्रवात, येते आणि फार तर दोनेक तासांत निम्मे नाहीसे होते. कर्करोगाच्या गाठीतूनही असे तुकडे येतात, आणि त्या गाठीतले बदल त्यांच्यावर जसेच्या तसे असतात. एखाद्या फाटलेल्या पोथीच्या हजारो चिठोऱ्यांत एकाच लेखनिकाची चूक पुन्हा पुन्हा दिसावी, तसे. तुकडे झटपट नाहीसे होत असल्यामुळे रक्तात जे दिसते ते आजचे, ताजे असते. पण ते इतके विरळ असते की नुसती ट्यूब काही तास तशीच राहिली तरी पांढऱ्या पेशी फुटून त्यांचे डीएनए त्यात मिसळते आणि आपण शोधत असलेली चिठोरी हरवते. म्हणून वेगळ्या, पेशी टिकवून धरणाऱ्या ट्यूब वापरतात. शिवाय वाढत्या वयात पांढऱ्या पेशींमध्येही स्वतःचे जनुकीय बदल साचत जातात. तेही प्लाझ्मात उतरतात आणि कर्करोगाचे भासू शकतात. हे काम किती जोखमीचे आहे, याची कल्पना नमुने हाताळलेल्या माणसाला चटकन येते.

लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमधल्या गटाने आधी गाठीतले बदल वाचले आणि मग उपचार पूर्ण झालेल्या स्त्रियांच्या रक्तात नेमके तेच बदल वेळोवेळी शोधले. २०१९ सालच्या त्यांच्या अभ्यासात १०१ स्त्रिया होत्या. ज्या २३ जणींमध्ये मेंदूखेरीज अन्य अवयवांत आजार पुन्हा उभा राहिला, त्यातल्या २२ जणींच्या रक्तात त्याची खूण आधीच सापडली होती, तीही मध्यमान १०.७ महिने आधी. फक्त मेंदूत आजार परतलेल्या सहा जणींपैकी मात्र एकीच्याच रक्तात ती दिसली. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. दहा महिने! इतके महिने आजार नव्हता असे त्या स्त्रियांना वाटत होते, डॉक्टरांना वाटत होते, स्कॅनलाही कदाचित काही दिसले नसते, आणि रक्तात मात्र ते लिहिलेले होते. या दहा महिन्यांचे काय करता येईल, या विचाराने संशोधकांना झोप लागली नसेल तर नवल नाही.

त्यांनी ते करूनही पाहिले. सी-ट्रॅक टीएन या ब्रिटिश अभ्यासात, ज्यांच्या गाठीच्या पेशींवर हार्मोन पकडणारी प्रथिने नसतात आणि वाढीला चालना देणारे हर-२ हे प्रथिनही जास्त नसते अशा ट्रिपल निगेटिव्ह आजाराच्या स्त्रियांचे रक्त ठराविक काळाने तपासले गेले. डीएनए सापडले की काहींना ते सांगून स्कॅन करायचा आणि पसरलेला आजार दिसला नाही तर पेम्ब्रोलिझुमॅब हे रोगप्रतिकारशक्तीला चेतवणारे औषध द्यायचे, असा बेत होता. २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष जिव्हारी लागणारे आहेत. औषधाच्या गटातल्या ३२ पैकी २३ जणींच्या स्कॅनमध्ये आजार आधीच पसरलेला दिसला. रक्त आधी बोलले खरे, पण पुरेसे आधी नाही. ज्या पाच जणींना औषध सुरू झाले त्यातल्या कुणाच्याही रक्तातून ते डीएनए टिकाऊपणे गेले नाही.

या अभ्यासाची एक बाजू मला विलक्षण वाटते. तुलनेसाठी दुसरा गट लागतो, आणि त्या गटातल्या स्त्रियांच्या रक्तात डीएनए सापडले तरी ते त्यांना किंवा त्यांच्या डॉक्टरांना कळवले जाणार नव्हते. असे होऊ शकते हे आधी समजावून सांगितले गेले होते, आणि तरीही स्त्रियांनी संमतीपत्रावर सही केली. आपल्या रक्ताने काहीतरी सांगितले असेल आणि ते आपल्याला कळणार नाही, हे पत्करून त्या दर वेळी हात पुढे करत राहिल्या. आपण ज्याला ठाम ज्ञान म्हणतो ते या बायकांच्या धैर्यातून आले आहे, आणि त्यांची नावे कुठेही लिहिलेली नाहीत. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

जिथे हत्यार हाती आहे, तिथे मात्र चित्र वेगळे दिसते. हार्मोनवर पोसणाऱ्या आजारात, तो पसरल्यावर ॲरोमाटेज इनहिबिटर गटातली, म्हणजे शरीरात इस्ट्रोजेन हे हार्मोन तयार होऊ न देणारी, औषधे देतात. काही काळाने गाठीतल्या ईएसआर-१ या जनुकात असा बदल होतो की ती हार्मोनवाचूनही वाढू लागते. हा बदल रक्तात स्कॅनच्या आधी दिसतो. फ्रान्समधल्या पाडा-१ अभ्यासात तो दिसताच औषध बदललेल्या स्त्रियांमध्ये आजार मध्यमान ११.९ महिने आटोक्यात राहिला, न बदललेल्यांमध्ये ५.७ महिने. २०२५ साली जाहीर झालेल्या सेरेना-६ अभ्यासात कॅमिझेस्ट्रंट या नव्या औषधाने हेच आकडे १६ आणि ९.२ महिने आले. एलासेस्ट्रंट हे औषध तर जानेवारी २०२३मध्ये अमेरिकेत मान्य झाले तेच ईएसआर-१मध्ये बदल असलेल्यांसाठी आणि तो बदल शोधणाऱ्या रक्ततपासणीसकट. सेरेना-६चे निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा एकूण आयुष्य वाढते का, याचे उत्तर आलेले नव्हते. तेव्हा इथेही उत्साहाला थोडी वेसण हवी. तरीही रक्ताची चिठ्ठी वाचून तिच्यावर काही करता येते, हे इथे पहिल्यांदा ठळकपणे दिसले, आणि मला त्याचा खराखुरा आनंद होतो.

हे सारे मी मावशीला एका संध्याकाळी सांगितले. तिने मध्ये एकदाही अडवले नाही. माझे सांगून झाल्यावर ती म्हणाली, "हे सगळं बरोबर असेल ग. पण मी का विचारलं ते तू विचारलंच नाहीस." मग तिने हात पुढे केले आणि बोटे मिटून दाखवली. ती पुरती मिटत नव्हती. सकाळी उठल्यावर तासभर बोटे, गुडघे, टाचा आखडलेल्या असतात, जिना उतरताना कठड्याला धरावे लागते, आणि हे सगळे आजार परतू नये म्हणून रोज घ्यायच्या, त्याच ॲरोमाटेज इनहिबिटर गटातल्या लेट्रोझोलच्या गोळीने होते हे तिने कधीच ताडले होते. "रक्तात काही नाही असं कळलं असतं, तर गोळी बंद करायला सांगता आलं असतं," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने हेही सांगितले की अलीकडे ती गोळी अधूनमधून घेतच नाही.

भाकीत ऐकण्याची उत्सुकता किंवा भीती, असे काहीतरी मी तिच्या प्रश्नामागे धरून चालले होते. तिचा प्रश्न तर अतिशय नेमका होता: तपासणीवरून उपचार बदलता येईल का? जगभरचे संशोधक याच प्रश्नाशी झगडत आहेत, आणि त्यातही हा भाग अधिक अवघड आहे. रक्तात काही सापडले तर औषध वाढवणे, याचे अभ्यास तरी काही वर्षांत उत्तर देतात. काही सापडले नाही म्हणून औषध थांबवणे सुरक्षित आहे का, हे कळायला फार मोठा काळ लागतो. हार्मोनवर पोसणारा आजार फार चिवट वाट पाहतो. पाच वर्षे गोळ्या घेऊन आजारमुक्त राहिलेल्या स्त्रियांमध्येही पुढच्या पंधरा वर्षांत तो दूरच्या अवयवात उभा राहण्याचे प्रमाण, मूळ गाठ आणि काखेतल्या ग्रंथींच्या स्थितीनुसार, १० ते ४१ टक्के असल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रचंड संकलनात दिसले आहे. हाडांच्या मज्जेत वर्षानुवर्षे निपचित पडून असलेल्या पेशी मरत नाहीत, वाढत नाहीत, आणि म्हणून रक्तात डीएनएही सोडत नाहीत. आज रिपोर्ट स्वच्छ आला तर त्याचा अर्थ आज इतकाच असतो.

गोळीबद्दल मात्र आपल्याला पुष्कळ माहीत आहे. पाच वर्षे टॅमॉक्सिफेन ही हार्मोनचा परिणाम अडवणारी जुनी गोळी घेतल्याने हार्मोनवर पोसणाऱ्या आजारात पहिल्या पंधरा वर्षांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये मावशीच्या गोळीचा गट त्याहूनही सरस ठरला आहे. पुढे काय होईल हे सांगणाऱ्या कुठल्याही आकड्यापेक्षा, पुढचे खरोखर बदलू शकणारी ती गोळी तिच्या डबीत पडून होती, आणि ती का पडून आहे हे त्या खोलीत कुणी विचारले नव्हते. डॉक्टरांनी विचारले असते तर तिने सांगितले असते. पण बाहेर पुढचे नाव पुकारले जात होते, आणि तक्रार करणे म्हणजे कृतघ्नपणा असे मावशीला वाटत होते. तपासणी नाकारणे योग्यच होते, पण "ती का हवी आहे तुम्हाला?" एवढे विचारायला अर्धे मिनिट पुरले असते असे मला वाटते, आणि हे मी त्या डॉक्टरांविषयी पूर्ण आदर ठेवून म्हणते.

मावशीने दुसऱ्या दिवशी फोन केला आणि बोटांबद्दल, टाचांबद्दल, चुकवलेल्या गोळ्यांबद्दल सगळे सांगितले. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी लेट्रोझोल काही आठवडे थांबवायला सांगितले, रोज चालायला सांगितले आणि मग त्याच गटातली दुसरी गोळी, एक्झेमेस्टेन, सुरू केली. तीही सोसली नाही तर टॅमॉक्सिफेन आहे, हेही सांगून ठेवले. सांधे अजून कुरकुरतात, पण बोटे मिटतात, आणि गोळी चुकत नाही. या औषधांनी हाडे विरळ होतात हे तिने कुठेतरी वाचले आहे, तेव्हा हाडांच्या घनतेची तपासणी कधी करायची आणि कॅल्शियम किती घ्यायचे, हे दोन प्रश्न तिने फाइलच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवले आहेत.